फुदकूच्या पोटातला मनोज

रामटेके सरांना तो बेडूक आवडत नव्हता.

हे मी कुठं बोलले तर फुदकूचे देशभरातले चाहते मला वेड्यात काढतील. ज्या माणसानं आंधळगावातल्या आपल्या घरी फुदकूचा एवढा मोठा संग्रह उभा केला, इंटरनेटवर त्याचं पान चालवलं, कुठल्या कुठल्या शहरांतल्या लोकांना फुदकूच्या नादी लावलं, त्या माणसाला फुदकू बघवत नव्हता, हे कुणाला पटेल? पण मी शाळेत बरीच वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आहे. एकदा पोस्टानं आलेलं खोकं आम्ही स्टाफरूममध्ये उघडलं. आतून फुदकूचं हसरं तोंड वर आलं तशी सरांनी मान फिरवली. म्हणाले, "मले हा पाहवत नाई, मॅडम. पन मनोज याच्याच पोटात हाय ना जी."

मनोज म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. त्याच्याकडं येतेच. आधी फुदकू कोण ते सांगायला हवं, कारण आता तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. मोबाईल नवे नवे होते, तेव्हा एका कंपनीनं आपली सिमकार्डं खपवायला एक बेडूक काढला होता. हिरवागार, पिवळ्या पोटाचा, डोक्यावर अँटेना, गळ्यात हेडफोन. टीव्हीवरच्या जाहिरातीत तो ह्या टॉवरवरून त्या टॉवरवर टुणटुण उड्या मारायचा. भिंतींवर फुदकू, छत्र्यांवर फुदकू, चाव्यांच्या रिंगेत फुदकू, वह्यांच्या लेबलांवर फुदकू. पुढं ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या पोटात गेली आणि फुदकू रातोरात रिकामटेकडा झाला.

नव्या दुकानाचं उद्घाटन असलं की कंपनी एक जिवंत फुदकूही पाठवायची. म्हणजे फोमच्या आणि लोकरी कापडाच्या पोशाखात माणूस घालून. तो दुकानासमोर नाचायचा, पोरांशी हात मिळवायचा, लोक त्याच्यासोबत फोटो काढायचे. नागपूरकडच्या भागात बरीच वर्षं त्या पोशाखात मनोज रामटेके होता. आणि एका मे महिन्यात भर दुपारी त्या पोशाखातच ऊन लागून तो गेला.

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मी आंधळगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले. भंडाऱ्याहून एसटीनं जाणं-येणं. रामटेके सर चित्रकलेचे. उंच, संथ, बोलण्यात "जी" शिवाय वाक्य पुरं न होणारे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी शिवणकामाची टेप आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची घडी. त्यांची एक सवय भल्याभल्यांना बुचकळ्यात टाकायची. कुणाकडं चहा घेतला की कप रिकामा करून ते तो उलटा करायचे आणि बूड बघायचे. फुदकूचे कप कंपनीनं वाटले होते आणि त्यांच्या बुडाशी बेडकाचा पंजा असायचा, म्हणून हा खटाटोप. आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीच्या साखरपुड्यात सरांनी होणाऱ्या व्याह्यांसमोर कप उलटा केला, तेव्हा व्याही बिचारे आपलाही कप उलटा करून बघायला लागले. त्यांना वाटलं, आंधळगावाकडची काही रीत असावी.

मोहाडीच्या आठवडी बाजारात एका लसूण विकणाऱ्याकडं फुदकूची मोठी छत्री होती. उन्हानं विटलेली, एक काडी मोडलेली. सरांनी ती हेरली आणि बाजार सोडून तिच्याखालीच उकिडवे बसले. विक्रेता म्हणे, "गुरुजी, हे फाटकी हाय, तुमी नवी घ्या ना बापा." सर म्हणे, "नवी मी तुले देतो. फाटकी मले दे." त्या माणसाला यात काहीतरी काळंबेरं वाटलं. तो शेजारच्याला विचारायला गेला, शेजारच्यानं चहा पाजला, आणि तो येईपर्यंत आमचे चित्रकलेचे सर लसूण तोलत बसले. आठवीतल्या दोन पोरींच्या आयांनी त्यांच्याकडून लसूण घेतला. दुसऱ्या दिवशी शाळेत ही बातमी सरांच्या आधी पोचली होती.

घराच्या मागच्या खोलीत हा संग्रह होता. दारावर पाटी नव्हती, पण गावात कुणालाही "बेंडकाची खोली" म्हटलं की कळायचं. प्रत्येक वस्तूखाली सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: काय, कुठून, कुणाकडून, आणि स्थिती. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ते इंटरनेटवरच्या पानावर चढवायचे. इंग्रजी मजकूर माझ्याकडं. मला बेडकात काडीचा रस नव्हता, पण सरांना नाही म्हणणं कुणालाच जमायचं नाही. वस्तू पाठवणाऱ्या प्रत्येकाला सर हातानं काढलेलं आभाराचं कार्ड पाठवायचे. त्या कार्डांच्या लोभानंही काही लोक आपल्या घरातले फुदकू काढून पाठवायचे, असा माझा संशय आहे.

एक साल पाऊस लांबला. बांध्यांमधले धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, पिवळे पडायला लागले, रोवण्या अडल्या. अशा वेळी आमच्याकडं पोरं धोंडी काढतात. काठीला कडुनिंबाचा पाला आणि बेडूक बांधून दारोदार फिरायचं, घरच्या बाईनं त्या बेडकावर पाणी ओतायचं. पोरं सरांच्या दारी आली, तर काठीवरचा बेडूक अर्धमेला झालेला. सरांनी तो सोडवून बोडीच्या पाण्यात नेऊन सोडला आणि पोरांना म्हणाले, "थांबा, तुमाले मोठा देतो." आतून कापसाचा गुबगुबीत फुदकू आणून त्यांनी काठीला बांधून दिला. हेडफोनवाल्या बेडकावर अख्ख्या गल्लीनं लोटे रिकामे केले. एका म्हातारीनं त्याला कुंकूही लावलं. आमच्या गणिताच्या सरांनी टोमणा मारला, "काय जी रामटेके, तुमी बौद्ध मानसं, धोंडीले कवापासून मानाले लागले?"

"धोंडीले कायले मानू?" सर म्हणाले. "पन बेंडकाले त मानतो."

तो फुदकू परत आला तेव्हा निथळत होता. कितीतरी दिवस तो त्यांच्या अंगणातल्या दोरीवर पायांना चिमटे लावून उलटा लटकला होता. पाऊस त्या साली कधी आला ते मला आठवत नाही, चिठ्ठी मात्र आठवते. "स्थिती: भिजून वाळलेला. कपाळी कुंकू. पुसू नये." तो फोटो बघून इंदूरच्या सक्सेनाजींनी चौकशी केली की हा लाल डाग कसला. सक्सेनाजी म्हणजे आमच्या चाहत्यांतले सगळ्यात उत्साही. धोंडी म्हणजे काय ते इंग्रजीत लिहिण्यात माझी अख्खी मधली सुट्टी गेली, आणि त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही ते नाहीच.

याच सक्सेनाजींशी सर एकदा कडाक्याचं भांडले. त्यांनी फुदकूचं एक कॅलेंडर पाठवलं होतं, पण खालची कुठल्या दुकानाच्या नावाची पट्टी कापून. शोभेल म्हणून. सरांनी ते कॅलेंडर परत पाठवलं. संग्रहाचा एकच नियम होता: काही कापायचं नाही. फोटोची कड नाही, व्हिडिओची सुरुवात नाही, शेवट नाही. "सुंदर दिसावं म्हनून लोक कापतात, मॅडम," ते मला म्हणाले. "पन जे कापून फेकलं त्याच्यातच मनोजचा हात असन, त मी कुठी धुंडू?"

कारण या सगळ्या छत्र्या, कप, रिंगा हा नुसता पसारा होता. सर शोधत होते ते मनोजला. घरात मनोजचा एकच फोटो होता, ओळखपत्राचा. तो नाचताना कसा दिसायचा, हे दाखवणारं काही म्हणजे काही नव्हतं. तो गावात नाचायचा त्या दिवसांत कुणाकडं कॅमेरावाला मोबाईल नव्हता. आणि फुदकू झाल्यावर हजारो लोकांनी त्याचे फोटो काढले, व्हिडिओ काढले, पण ते सगळे परक्यांच्या मोबाईलमध्ये. म्हणून हे पान, हे चाहते, ही आभाराची कार्डं. लोकांनी जपून ठेवलेलं बाहेर काढावं आणि त्यात कुठंतरी मनोज निघावा.

आता प्रश्न असा की एकसारखे बेडूक, आत अनेक शहरांतली अनेक पोरं, त्यात आपला ओळखायचा कसा? सरांना ते माहीत होतं. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते आणि मंडईत दंडार, म्हणजे रात्रभराचा नाच-गाण्याचा खेळ. मनोज लहानपणापासून दंडारीत नाचायचा. पाय टाकण्याआधी उजवा हात भुईला लावून कपाळाला लावायचा, हे त्याला मायनं शिकवलेलं. फुदकूच्या पोशाखातही तो ते विसरत नव्हता. पण पोशाखाचा हात आखूड. तो कपाळापर्यंत पोचायचाच नाही, बेडकाच्या हनुवटीशी अडायचा. मनोजनंच एकदा सुट्टीत घरी येऊन हसत हसत हे करून दाखवलं होतं. सर प्रत्येक व्हिडिओत तेवढंच बघायचे. हात खाली गेला का, आणि हनुवटीशी अडला का. नाही गेला की मला म्हणायचे, "हा आपला नोहे जी," आणि तरी त्या परक्या बेडकाची चिठ्ठी तितक्याच निगुतीनं लिहायचे.

माय बाजेवर बसून असायची. मनोज गेला तेव्हा त्याला आणायला सर नागपूरला गेले होते. ऊन लागलं आणि दवाखान्यात झोपेत गेला, एवढंच त्यांनी घरी येऊन तिला सांगितलं होतं. पोशाख कंपनीच्या माणसानं ठेवून घेतला होता, आणि धुऊन दुसऱ्या पोराला दिला होता. दुसऱ्याच दिवशी तोच फुदकू दुसऱ्या दुकानासमोर नाचला. हे सर मला एकदाच बोलले आणि नंतर पुष्कळ वेळ एका कपाचं बूड पुसत राहिले. मायला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याकडं गेले की तिचा एकच प्रश्न असायचा. "काय वो बाई, सापडला काय माजा मनोज? डोळे हायेत तवर एकडाव नाचताना पाहून घेतली असती." तिच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, येत चालला होता. डॉक्टरांनी एका डोळ्याची आशा सोडायला सांगितली होती.

एका हिवाळ्यात तो सापडला.

नागपूरच्या कुणा तरुणाला घरात जुना मोबाईल मिळाला आणि त्यातला व्हिडिओ त्यानं चाहत्यांच्या गटावर टाकला. वर हिंदीत लिहिलं होतं, फुदकूची ओव्हरॲक्टिंग, हसून पोट दुखेल. दुपारपर्यंत सगळा गट हसून लोळत होता. सक्सेनाजींनी लिहिलं, "क्या कलाकार है! ऐसा फुदकू दूसरा नहीं हुआ." मी वर्गावरून आले तर सर चित्रकलेच्या खोलीत एकटे उभे. मला बघून म्हणाले, "सापडला, मॅडम." मला इतका आनंद झाला की मी त्यांचे हात धरले. म्हटलं, पेढे कुठं आहेत? त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

रणरणतं ऊन. दुकानासमोर फुगे, भोंग्यावर गाणं. फुदकू पुढं येतो, वाकतो, उजवा हात फुटपाथला लावतो आणि वर नेतो. हात हनुवटीशी अडतो. मग तो नाचायला लागतो. त्या जाड्या, ढगळ पोशाखात कुणाला इतकं हलकं नाचता येत असेल, असं मला वाटलं नव्हतं. गिरक्या, ठेका, खांद्यांची ती लकेर. दंडार बघितलेल्या माणसाला एका क्षणात कळावं की हा आमच्या झाडीपट्टीतला पोरगा आहे. मग तो परत वाकतो, अगदी सुरुवातीला वाकला होता तसाच. हात भुईला लागतो. पण या वेळी तो हात वर येत नाही. फुदकू तसाच कुशीवर कलंडतो, पाय झाडायला लागतो. लोक हसतात. एक पोरगं त्याच्या पोटावर उडी मारतं. कुणीतरी ओरडतं, "और कर, और कर!" पाय थांबतात. आणि लोक टाळ्या वाजवतात. मनापासून, जोरजोरात, बराच वेळ. तिथं व्हिडिओ संपतो.

मला त्या टाळ्यांचा आजही राग येतो. तेव्हा तर मी लगेच गट उघडला. म्हटलं, सर, मी आत्ता लिहिते त्या गटावर. कळू दे सगळ्यांना, कशावर दात काढत आहेत ते. सरांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"नोको जी. त्याईले मालूम नव्हतं. चांगल्या मनानं हासले ते. अना इतक्या दिवसानं कोनी त मनोजले कलाकार म्हनलं."

त्या नागपूरच्या मुलालाही आभाराचं कार्ड गेलं. मीच पत्ता लिहिला. पानावर तो व्हिडिओ चढवायचा का, हे मी विचारलं नाही आणि सरांनीही तो विषय काढला नाही. ते शाळेत यायचे, पोरांना कमळ काढायला शिकवायचे, घरी जायचे. चहाचा कप उलटा करणं मात्र बंद झालं. पुढ्यात कप तसाच राहायचा, शिपाई उचलून न्यायचा.

फेब्रुवारीत माझी बदली संस्थेच्या भंडाऱ्याच्या शाळेत झाली. शेवटच्या आठवड्यात सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ टेप गुंडाळत आणि उलगडत होते.

"मॅडम, तुमच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ कापता येते काय?"

म्हटलं, सर, काही कापायचं नाही ना? ते म्हणाले, "मायच्या दुसऱ्या डोळ्यातलंबी गेलं त मंग कोनाले दाखवू?"

आम्ही चित्रकलेच्या खोलीत बसलो. कुठं कापू, मी विचारलं. त्यांना बोट ठेवायला जागा सापडेना. पुढं घ्या, मागं घ्या, असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी म्हणाले, "इथी. तो वाकून हात भुईले लावून राहिला ना, इथी. मायले वाटन, खेळ संपला म्हनून पाया पडून राहिला." कापायचं बटण त्यांच्यानं दाबवलं नाही. मी दाबलं. तेव्हा सर रडले. भावाला आणून सगळं उरकलं तेव्हाही ते रडले नव्हते असं गावातले लोक सांगतात. मला ते बघवेना म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

त्याच संध्याकाळी बसच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. मायचा निरोप घ्यायचा होता आणि खरं सांगायचं तर सरांना एकटं सोडवत नव्हतं. सरांनी मायला बाजेवर सरळ बसवलं, स्वतः तिच्या मागं उभे राहिले आणि खांद्यावरून तिच्या चांगल्या डोळ्यासमोर मोबाईल धरला. गाणं सुरू झालं. माय पुढं सरकली, आणखी पुढं सरकली, जवळजवळ तिचं नाक काचेला लागलं.

"हाच!" ती ओरडली. "हाच होय ना बावा! पाह्य पाह्य त्याचे पाय!" तिच्या मांडीवरचा हात ठेका धरायला लागला. तोंडात दात नव्हते, पण ती अशी हसत होती की तिचं वय कळू नये. व्हिडिओ थांबला. तिनं मान वर केली.

"थांबला काहून? मंग काय झालं?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. सरांनी मायच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंग टाळ्या पडल्या, माय. गजब टाळ्या पडल्या."

"पडतीनच ना," माय म्हणाली. "इतला नाचला माजा लेक. परत लाव."

सरांनी परत लावला. माझी बस चुकली असती. मी दारात चपला घालता घालता मागं वळून बघितलं. माय मोबाईलवर डोळा लावून बसली होती. मागं सर उभे होते, डोळे घट्ट मिटून. त्यांना नुसत्या गाण्यावरून कुठं काय चाललंय ते कळत होतं. गाणं कापलेल्या जागी आलं. माय दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागली, आणि तिच्या मागं सरांचा मोकळा हात, डोळे मिटलेलेच असताना, झपकन पुढं गेला, पडणाऱ्याला धरायला जातो तसा.